आठवड्याचे सात खुंट

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा राजारामपुरीत एका घराच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहत होते. खोलीत तीन कॉट होत्या. एक माझी. दुसरी एका नर्सिंगच्या मुलीची, ती बहुतेक ड्युटीवरच असायची. तिसऱ्या कॉटवर जूनमध्ये एक नवी मुलगी आली. वडील तिला सोडायला आले होते. ते बॅग ठेवून घरमालकीणबाईंशी बोलायला खाली गेले. मुलगी दारातच उभी राहिली. तिनं हातातली पांढरी काठी दुमडून पिशवीत ठेवली आणि विचारलं, "खोलीत कोण हाय?"

"मी हाय," मी म्हणाले.

"कुठली गं तू?"

"गडहिंग्लजकडची."

"मग ये की जरा. कुठं काय हाय ते दाखव. एकदाच दाखव, परत इचारणार न्हाय."

मी तिला दारापासून कॉटपर्यंत, कॉटपासून खिडकीपर्यंत आणि तिथून बाथरूमपर्यंत नेलं. तिनं खरंच परत विचारलं नाही. नवव्या वर्षी तिची नजर पूर्ण गेली होती. ती गगनबावड्याच्या बाजूच्या एका वाडीतली, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पदवी झालेली. बँकेच्या परीक्षेची तयारी करायला ती कोल्हापुरात आली होती. आमच्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून पहिल्या दिवसापासून मी तिला अक्काच म्हणत आले.

चार दिवसांनी तिनं मला काम सांगितलं. तिचा फोन तिला सगळं वाचून दाखवायचा, आणि तोही इतक्या वेगानं, की मला एक शब्द कळायचा नाही. पण जुन्या प्रश्नपत्रिका कुणीतरी फोटो काढून टाकलेल्या असत. तिथं फोनचं काही चालत नसे. "ह्यो म्हणतोय 'चित्र', आणि गप बसतोय," ती म्हणाली. "तू वाचशील का? दिवसाला तासभर."

मी हो म्हटलं. एक तर पुढच्या वर्षी मलाही त्याच वाटेनं जायचं होतं, आणि दुसरं म्हणजे मला तिच्याबद्दल कुतूहल होतं.

ज्यांनी ही परीक्षा कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. रिझनिंगच्या पेपरात वेळापत्रकाची कोडी असतात. सात माणसं असतात. त्यांना नावं नसतात, नुसती ए, बी, सी अशी अक्षरं. सोमवार ते रविवार, रोज एक जण भाषण देतो. कोण कधी देतो ते सरळ सांगत नाहीत. अटी सांगतात. ए चं भाषण गुरुवारी नाही. बी आणि डी च्या मध्ये दोघं आहेत. सी चं एफ च्या लगेच आधी. एवढ्यावरून सगळा आठवडा लावायचा, आणि मग त्यावर पाच प्रश्न. मला ही माणसं फार विचित्र वाटायची. रोज भाषण कशाला देतात, ऐकायला कोण जातं, काही कळायचं नाही. पण सगळ्यांची गाळण तीच कोडी उडवायची. मी संध्याकाळी याच परीक्षेच्या क्लासला जायचे, तिथले सर पहिल्या दिवसापासून सांगायचे, "टेबल काढा. टेबल काढल्याशिवाय हात लावायचा नाही."

पहिल्या दिवशी मी कोडं वाचायला लागले आणि सवयीनं बाजूला वहीवर टेबलही काढत गेले. अक्का कॉटवर मांडी घालून बसली होती. तिचा उजवा हात कॉटच्या लाकडी कडेवर होता आणि बोटं हळूहळू पुढं-मागं सरकत होती. सगळ्या अटी मी दोनदा वाचल्या. माझ्या टेबलात तीन घरं भरली होती आणि एक खोडलं होतं.

"झालं," ती म्हणाली. "प्रश्न वाच."

पाचही उत्तरं तिनं बरोबर दिली. मी शेवटची पानं काढून ताडून पाहिली.

"कसं केलंस?"

"ठेवलं की त्यास्नी."

"कुठं?"

"जागंवर," ती म्हणाली आणि हसली. "पुढचं वाच."

त्या दिवसानंतर मला ते कोडं सोडवण्यापेक्षा ती कसं सोडवते हेच कोडं जास्त छळू लागलं. कॉलेजला जाताना, मेसच्या रांगेत उभं असताना मी डोळे मिटून सात माणसं लावायचा प्रयत्न करायचे. तीन जण बसायचे. चौथा आला की पहिला कुठंतरी नाहीसा व्हायचा. मग मी ठरवून टाकलं, की हे नजर नसल्यामुळं असणार. देव एक घेतो तर दुसरं देतो असं म्हणतातच. मी ते तिला बोलूनही दाखवलं.

ती चिडली. "आंधळ्या माणसाची आठवण जबर असती, असं समदी म्हणत्यात. दुकानात गेले की मी पण साबण इसरते. माझ्या शाळेत बाराजणी होतो आम्ही. त्यातल्या दहाजणींना गणित म्हटलं की ताप यायचा. आमचं डोळं गेल्यात, बदल्यात काय मिळालं न्हाय."

पण कुतूहल काही गेलं नाही. आता मी वाचताना टेबल काढायचं सोडलं आणि तिच्याकडं बघत राहू लागले. बोटं सात ठिकाणी थांबतात हे कळलं. अधूनमधून ती पुटपुटायची. "ह्याला भिंतीकडं." "हे दोघं लांब लांब." एकदा स्पष्ट ऐकू आलं, "डी मारकी हाय, तिच्या शेजारी बी नको."

"मारकी?" मला हसू फुटलं. "अक्का, डी मारकी हाय?"

चोरी पकडली गेल्यासारखी तिनं बोटं कडेवरून उचलली. मग म्हणाली, "दिवाळीत येतीस का आमच्याकडं? दावते तुला."

भाऊबीजेनंतर मी गेले. रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची एसटी धरली. अक्का सुट्टी लागल्याबरोबर आधीच गेली होती. फाट्यावर तिचे वडील उभे होते. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत चालले, "कोल्हापूरचं पावणं हाय. लेकीची मैत्रीण." दोन्ही बाजूंना भात कापून पडलं होतं आणि दुपारचे चार वाजले तरी डोंगरावरचं धुकं खाली येऊ बघत होतं.

चहा झाल्यावर अक्का मला हाताला धरून घरामागं घेऊन गेली. आता आम्ही तिच्या जागेत होतो आणि ती मला फिरवत होती. मागं गोठा होता. कौलारू, लांबट, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं दार. गव्हाणीला लागून एका ओळीत सात खुंट. तिनं एकेका खुंटावर हात ठेवत मला सांगितलं, "सोमवार. मंगळवार. बुधवार." दाराकडचा शेवटचा खुंट रविवार.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तिथंच हसत सुटले.

तिची आई धारा काढायला आली होती. आता गोठ्यात चारच म्हशी होत्या, पण पूर्वी सातही खुंट भरलेले असायचे. आईनं धार काढता काढता सगळं सांगितलं. गोठ्यात जनावर कुठंही बांधून चालत नाही. "ही थोरली बघ. हिला भिंतीकडंच पायजे. मधी बांधली की दोन्हीकडच्यास्नी शिंगं लावती. ती पलीकडची बुजरी. दाराजवळ बांधली आन् माणूस आलं की दावं तोडती. आन् ह्या दोघी मायलेकी. लेक एवढी थोरली झाली तरी आयेजवळ बांधली की प्यायला बघती. मधी दोन तरी खुंट पायजेत."

मी ऐकत होते आणि माझा कानांवर विश्वास बसत नव्हता. ह्या अटी मी रोज वाचत होते. अमका कडेला. तमका शेवटी नाही. ह्या दोघांच्या मध्ये किमान दोन.

"हिची नजर गेली तवा आम्ही हिला काय कामच सांगत नव्हतो," आई म्हणाली. "बसून ऱ्हायची हितं, दारात. तवाबी गोठ्यात अशीच एक बुजरी आन् मायलेकी होत्या. येकदा ह्यांनी बाजारातनं नवी म्हस आणली. ती कुठं बांधायची म्हणून आमची दोघांची भांडणं. इकडं बांधली की ही वरडती, तिकडं बांधली की ती. दिवस मावळला तरी जमंना. तर ही हितनंच म्हणाली, आई, लेकीला दाराकडं न्हे, बुजरीला तिच्या जागंवर आण, आन् नवी तिसऱ्या खुंटाला बांध. ह्यांनी म्हटलं, पोरगी काय पण बोलती. पण दमलो होतो, बांधून बघितलं. समदी जनावरं गप. रवंथ कराय लागली."

"किती वर्षांची होती?"

"अकरा. तवापासनं गोठा हिच्याकडं. नवी म्हस आली, कुठली गाभण गेली, कुठली विकली, की हिला इचारायचं."

अक्का शेजारी उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. खोलीत ती कुणाला फार जवळ येऊ द्यायची नाही. इथं ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून एका पायावर रेलून उभी होती.

मला मात्र अजून बरंच विचारायचं होतं. डी ही नेहमीच मारकी म्हैस असते का? नाही, अक्षरांचं काही ठरलेलं नाही. ज्याच्या शेजारी कुणी नको अशी अट असेल, तो त्या कोड्यात मारकी होतो. पहिल्या दिवसाचा जो, तो थोरली. आणि बारा महिन्यांचं कोडं आलं तर? खुंट सातच.

"शेजाऱ्यांचा पण गोठा हाय की," ती म्हणाली. "तिथं पाच हायती."

कोल्हापूरला परतल्यावर मी माझी जागा शोधली. आमच्याकडं म्हशी नव्हत्या. पण गडहिंग्लजला आमच्या घरापासून एसटी स्टँडपर्यंतची दुकानं मला झोपेतही सांगता आली असती. टेलर, पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, भांडीवाला, सायकलवाला, चहाचा गाडा, झेरॉक्स. सोमवारचा ए म्हणजे टेलर, असं मी सुरू केलं. पाच जण बसले तेव्हा मला उड्या माराव्याशा वाटल्या. पण एक अट उलटी निघाली, माणसं हलवावी लागली, आणि सगळा बाजार कोसळला.

मी अक्काला ते सांगितलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "तू त्यास्नी दुकानदार केलंस. दुकानदार जागचा हलतोय व्हय? गिऱ्हाईक कर त्यास्नी."

मी गिऱ्हाईक केलं. ए टेलरकडं उभा आहे. नाही जमलं तर चल पुढं, गिरणीत. ते जमू लागलं. तिच्याइतकं कधीच नाही, पण वही न उघडता सात जणांचा आठवडा मला लावता येऊ लागला. पहिल्यांदा पूर्ण जमलं तेव्हा मी मेसमध्ये होते आणि ताटातली भाकरी गार झाली होती.

परीक्षेला तिला लेखनिक लागणार होता, म्हणजे तिच्या वतीनं प्रश्न वाचून तिनं सांगितलेल्या उत्तरावर क्लिक करणारा माणूस. लेखनिक स्वतः त्या परीक्षेला बसलेला चालत नाही. मी अजून पदवीधर नव्हते, त्यामुळं मला चालत होतं. फॉर्मवर आम्हा दोघींचे फोटो आणि सह्या झाल्या. पूर्वपरीक्षा ती सहज पास झाली. मग मुख्य परीक्षा.

केंद्र शहराबाहेर होतं. आम्हाला इतरांपासून वेगळ्या, लहान खोलीत बसवलं, म्हणजे आमच्या बोलण्याचा इतरांना त्रास नको. पर्यवेक्षक बाई मागं खुर्ची घेऊन बसल्या. मी फक्त वाचायचं, माझं मत द्यायचं नाही, आवाजातसुद्धा काही सुचवायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. घड्याळ सुरू झालं आणि मी वाचायला लागले.

तिसरं कोडं वेळापत्रकाचं आलं. मी वाचलं. टेबलाच्या कडेवर तिची बोटं सरकू लागली आणि थांबली. परत मागं गेली. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"ह्यो एक माणूस दोन ठिकाणी बसायलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन्हीकडं गप बसतोय. असं असत न्हाय. तू काहीतरी खाल्लंस. चौथी अट सावकाश वाच. एकेक शब्द."

मी स्क्रीनवर बोट ठेवून चौथी अट वाचली. 'लगेच आधी' असं होतं. मी दोन्ही वेळा नुसतं 'आधी' वाचलं होतं. 'लगेच' माझ्या तोंडून गळला होता.

माझी कानशिलं तापली. सॉरी म्हणायचीही मुभा नव्हती. "हं, आता बसला," ती म्हणाली. "प्रश्न वाच." पाचही उत्तरं सांगून ती पुढं गेली. पण घड्याळात दोन मिनिटं गेलेली मला दिसत होती, आणि त्या भागातले शेवटचे तीन प्रश्न वाचायचे राहून गेले.

निकाल लागला तेव्हा ती थोडक्यात राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी उठली, आंघोळ केली, फोनला कान लावून चालू घडामोडी ऐकत बसली. मी तिच्यासमोर जायचं टाळू लागले. एक शब्द. तीन प्रश्न. थोडक्यात. ही बेरीज माझ्या डोक्यातून जाईना. आठवडाभरानं तिनंच मला पकडलं.

"तू मला चुकवायलीस व्हय?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"स्कोरकार्ड वाच," ती म्हणाली. मी वाचलं. रिझनिंगमध्ये तिला सगळ्यात जास्त गुण होते. इंग्रजीत फार कमी. "बघितलंस? मी हितं पडले."

"पण ते तीन प्रश्न..."

"ते तीन मला आले असते का न्हाय, कुणाला ठावं? तुला न्हाय, मला न्हाय. ज्याचं उत्तर निघत न्हाय ते सोडून पुढं जायचं असतंय. क्लासात हेच शिकवत्यात न्हवं?"

मी डोळे पुसले. माझं पूर्ण समाधान झालं असं नाही. आजही झालेलं नाही.

पुढच्या वर्षी मी पदवीधर झाले आणि त्याच परीक्षेला बसले, त्यामुळं तिची लेखनिक होऊ शकले नाही. आमच्या कॉलेजमधल्या एका पहिल्या वर्षाच्या मुलीला मी तयार केलं. तिला सुरुवातीलाच सांगितलं, लहान शब्द खायचे नाहीत, मोठे कुणीच खात नाही. त्या वर्षी अक्का पास झाली. मी नाही. ती बातमी कळली तेव्हा मला आनंद झाला आणि हेवाही वाटला, दोन्ही एकदमच. तिनं मला मिठी मारली तेव्हा तिला ते कळलं असणार. ती म्हणाली, "पुढच्या खेपेला तू."

पुढच्या खेपेलाही मी नव्हते. तिला कोकणातली शाखा मिळाली, गगनबावड्याचा घाट उतरून तासाभराची. मी कोल्हापुरातच राहिले आणि ज्या क्लासात शिकले तिथंच रिझनिंग शिकवू लागले. वर्षभरानं क्लासच्या सरांनी विचारलं, सराव पेपरासाठी नवी कोडी बनवशील का?

तोवर मला कधी प्रश्न पडला नव्हता की ही कोडी बनवत कोण असेल आणि कशी. मी बनवायला बसले आणि एक नवंच दालन उघडलं. बनवणारा उलटा चालतो. आधी सगळा आठवडा लावून ठेवतो, सात जण सात दिवशी, कुणाला काही शंका नाही. मग एकेक गोष्ट लपवत जातो. किती लपवायचं यात सगळी गंमत. एखादी अट कमी ठेवली तर कोड्याला दोन उत्तरं निघतात. एखादी जास्त झाली तर कोडं आधीच उघडं पडतं. माझं पहिलं कोडं मी अक्काला फोनवर वाचून दाखवलं. ती बँकेतून घरी येऊन चहा करत होती.

"तीन उत्तरं हायती ह्याला," ती म्हणाली आणि तिन्ही सांगितली.

आता मी आठवड्याला चार-पाच कोडी बनवते. पेपरात जाण्याआधी त्यातलं अवघड वाटेल ते एक रेकॉर्ड करून तिला पाठवते. गेल्या बुधवारी आठ जणांचं एक पाठवलं होतं. त्यावर मी तीन दिवस बसले होते आणि मला त्याचा जरा अभिमानही वाटत होता. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मागं शाखेतला गलका, कुणीतरी पासबुक मागतंय.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण सहावी अट काढून टाक. लागत न्हाय ती."

मी वही घेतली, सहावी अट खोडली आणि पहिल्यापासून सगळं परत लावून पाहिलं. अर्धा तास लागला. खरंच लागत नव्हती.